चतुराबाईचं वाक्य

केशव धानोरकर आयुष्यात एकच मोठं खोटं बोलला, आणि तेही इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल बोलला ती माणसं समोरच उभी होती. त्यांना त्यातला एक शब्दही कळला नाही.

साल त्र्याहत्तर. दुष्काळाचं दुसरं वर्ष. केशव तेव्हा चोवीस-पंचवीसचा होता. औरंगाबादच्या गुलमंडीकडचा मुलगा. आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून, वडील पोस्टात. तो स्वतः वैजापूर तालुक्यातल्या पिंपळडोहच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको कालिंदी हिला घेऊन तो तात्यासाहेबांनी दिलेल्या दोन खोल्यांत राहत होता. तात्यासाहेब गावचे मोठे बागायतदार आणि शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. बागायत आता नावालाच उरली होती. मोसंबीची झाडं उभ्या उभ्या वाळून गेली होती, आणि गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जात होती.

त्या फेब्रुवारीत एका अमेरिकन मिशनची बोअरची गाडी तालुक्यात आली. गाडीबरोबर क्रॉस्बी नावाचे पाद्री होते. साठीचे, उंच, उन्हानं मानेची कातडी सोललेली. लोक त्यांना कासबीसाहेब म्हणायचे. भारतात येऊन त्यांना सहा महिने झाले होते आणि त्यांचं मराठी ‘नमस्कार’, ‘पाणी’ आणि ‘बस’ या तीन शब्दांपाशी अडलं होतं. पिंपळडोहच्या शिवारात एकच बोअर होणार होता आणि मागणारे दोघं होते. एक पिंपळडोह गाव, दुसरी तिथून दोन कोसांवर माळावर असलेली भिल्लांची खडकवस्ती. अठ्ठावीस घरं.

आदल्या दिवशी तात्यासाहेबांनी केशवला चहाला बोलावलं.

“मास्तर, उद्या साहेबाबरोबर दुभाष्या म्हणून तुम्हालाच जायचंय. इंग्रजी बोलणारं दुसरं आहेच कोण गावात?”

“जाईन की.”

“ती वस्ती गायरानावर बसलीये, ठाऊक आहे ना? आज झोपड्या आहेत. उद्या तिथं पंप बसला की त्या कायमच्या झाल्या. मग सात पिढ्या हलायच्या नाहीत.” तात्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. “जूनमध्ये तुमच्याही कायम होण्याचा कागद समितीपुढं येतोय. मी काही तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही, मास्तर. तुम्ही शिकलेले आहात.”

एवढंच बोलणं झालं. केशव घरी आला. कालिंदीनं विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, काही नाही, उद्याचं सांगत होते.

सकाळी जीप खडकवस्तीवर पोचली तेव्हा बायका नुकत्याच पाणी घेऊन आल्या होत्या. दोन कोस जायचं, दोन कोस यायचं, आणि डोक्यावर गढूळ पाण्याचा एक हंडा. बोलायला पुढं झाली चतुराबाई. चाळिशीची, काटक, वस्तीत तिचा शब्द चालायचा. शेजारी तिचा मुलगा गोकुळ, वीसेक वर्षांचा, आणि त्याची बायको साळूबाई. साळूबाईचे दिवस भरत आले होते.

क्रॉस्बी वही काढून एकेक गोष्ट विचारू लागले. घरं किती, माणसं किती, पाणी कुठून आणता. केशव इकडचं तिकडं नीट सांगत होता. मध्येच गोकुळ उसळला.

“सायेब, बघून जानारे लई आले. द्यायचं आसंल तर द्या, नायतर आपला रस्ता धरा!”

“गप ऱ्हा!” चतुराबाई त्याच्यावर ओरडली.

क्रॉस्बींनी केशवकडे पाहिलं. “तो म्हणतो, पाण्याचे फार हाल आहेत,” केशवनं सांगितलं. पोरगं उद्धट बोललं तर साहेबाला वाईट वाटेल, म्हणून त्यानं ते सांभाळून घेतलं. तोवर त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं.

मग क्रॉस्बींनी शेवटचा प्रश्न विचारला. त्यावरच सगळं ठरायचं होतं. आधी त्यांनी दोन ठिकाणी पंप बसवले होते, आणि महिन्याभरात माणसं कामासाठी गाव सोडून गेली होती. पंप गंजत पडले. आता ते आधी विचारून घेत. तुम्ही इथं राहणार आहात ना?

चतुराबाईनं हात पसरून माळ दाखवला. “आमी कुटं जानार? माजा सासरा इथं पुरलाय. माजं पयलं लेकरू इथं पुरलंय. मरू, पन हलनार नाय. पानी तेवढं द्या.”

केशवनं इंग्रजीत सांगितलं, “ती म्हणते, होळी झाली की सगळे औरंगाबादला कामाला जाणार आहेत.”

क्रॉस्बींनी भुवया उंचावल्या. “सगळे?”

“सगळे.”

चतुराबाई केशवच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तो बोलायचा थांबला तशी आपलं म्हणणं पोचलं असं समजून तिनं साहेबांकडे बघत दोनदा जोरात मान हलवली. क्रॉस्बींनी ती मान बघितली आणि वही मिटली.

परतीच्या वाटेवर एका लिंबाखाली त्यांनी जीप थांबवली. डब्यातल्या पोळ्या काढल्या, एक केशवला दिली. मग म्हणाले, “त्या बाईकडे बघून मला माझ्या आजोबांनी सांगितलेली एक बाई आठवली.”

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचे आजोबाही पाद्री होते. तरुणपणी बायको आणि तीन मुलांना घेऊन बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर ते अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघाले. सहा महिन्यांची वाट. धाकटी मुलगी वाटेत तापानं गेली. तिला रस्त्यातच पुरलं आणि कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून तांड्यातल्या सगळ्या गाड्या त्या जागेवरून नेल्या. पुढं डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यात नदीकाठी त्यांनी ओंडक्यांचं देऊळ बांधलं, गहू पेरला, सफरचंदं लावली. त्या नदीवर जी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, तिची भाषा ते शिकले. त्यांच्या पोरांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, आजाऱ्यांच्या उशाशी बसले. लोकांचा त्यांच्यावर जीव बसला. पण दरवर्षी आणखी गाड्या येत होत्या आणि येणारा प्रत्येक जण म्हणत होता, काय छान मोकळी जमीन आहे.

“मग सरकारचे अधिकारी कागद घेऊन आले,” क्रॉस्बी म्हणाले. “झाडांखाली मोठी बैठक बसली. दोन्ही भाषा येणारा माणूस एकच होता. कागदात लिहिलं होतं की वसंत ऋतूपर्यंत या लोकांनी खोरं सोडून डोंगरापलीकडे जायचं. माझ्या आजोबांनी त्यांना सांगितलं, तुम्ही नदीवरच राहाल, फक्त गाड्यांना वाट द्या.”

“का?” केशवनं विचारलं.

“खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी लढाई झाली असती, असं ते म्हणायचे. तेही खरंच होतं. पण त्यांचा गहूसुद्धा त्याच खोऱ्यात उभा होता. लोकांनी विश्वासानं अंगठे उठवले. वसंतात सैनिक आले. डोंगरावरचं बर्फही वितळलं नव्हतं. म्होरक्याची म्हातारी बहीण जाताना देवळासमोर थांबली, आजोबांचं नाव घेतलं, आणि चालू लागली. शिवी नाही, काही नाही. नुसतं नाव. आजोबा पुढं चाळीस-पन्नास वर्षं त्याच जमिनीवर जगले. मी बारा वर्षांचा असताना, मरायच्या आधी, त्यांनी मला हे सांगितलं.”

त्यांनी डबा मिटला, हात झटकले. “तेव्हापासून परक्या मुलखात दुभाष्याची मला धास्ती वाटते. तुम्ही शिक्षक आहात म्हणून बरं वाटलं. त्या लोकांना पंप मिळावा असं तुम्हालाही वाटत असणार, तरी तुम्ही खरं ते सांगितलंत.”

खडकवस्तीचा फाटा मागं फार तर तीन फर्लांगांवर होता. जीप फिरवायला पाच मिनिटं पुरली असती. साहेब, माझ्याकडून सांगायचं चुकलं, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. साहेबांनी पुढं काही विचारलंही नसतं. केशव पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, “निघू या. पिंपळडोहला लोक वाट बघत असतील.”

बोअर पिंपळडोहला झाला, तात्यासाहेबांच्या कुंपणाला लागून. दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याचा फवारा उडाला तेव्हा लोक गाडीभोवती नाचले. नारळ फुटले. क्रॉस्बींच्या गळ्यात हार पडला आणि एक हार केशवच्याही. खडकवस्तीच्या बायका दोनदा हंडे घेऊन आल्या. गावाचं होऊ द्या, मग बघू, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या संध्याकाळपर्यंत बसून रिकाम्या परतल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत.

होळीनंतर आठ दिवसांत खडकवस्ती उठली. माणसं औरंगाबादच्या वाटेला लागली. केशव खोटं बोलला होता ते अक्षर न्‌ अक्षर खरं झालं. सुरुवातीला त्यानं त्यातच आसरा शोधला. ते गेलेच असते, मी फक्त आधी सांगितलं, असं तो स्वतःला बजावायचा. पण वर्गात भाषांतर शिकवायला उभा राहिला की त्याच्या हातातला खडू थांबायचा. जूनमध्ये तो कायम झाला. तात्यासाहेबांनी स्वतः पेढा भरवला.

पुढं चौदा वर्षं गेली. केशव बदली घेऊन शहरातल्या शाळेत आला, सिडकोत छोटं घर बांधलं. मुलगी झाली, सावनी. शहर चहूबाजूंनी फुगत होतं. काल ज्वारी होती तिथं आज कारखान्याची भिंत दिसायची. सत्त्याऐंशीत पुन्हा दुष्काळ होता आणि नळाला चार दिवसांआड पाणी यायचं. क्रॉस्बी केव्हाच अमेरिकेला परतले होते. पण दर नाताळात त्यांचं पत्र यायचं, “माझ्या प्रामाणिक मित्रा” अशा मायन्याचं. केशव दरवेळी चार ओळींचं उत्तर धाडायचा.

त्या वर्षीचं पत्र लांबलचक होतं. क्रॉस्बी चौऱ्याहत्तरचे झाले होते. ते आजोबांच्या खोऱ्याकडे गेले होते. खोऱ्यात नव्हे, तर डोंगरापलीकडे, जिथं त्या जमातीला नेऊन बसवलं तिथं. तिथल्या लोकांना एकत्र जमवून त्यांनी आजोबांनी काय केलं ते उभं राहून सांगितलं. कोणी आरडाओरडा केला नाही. एका म्हाताऱ्यानं फक्त विचारलं, तुझ्या आजोबाला आमची भाषा नीट यायची का? नीट यायची, ते म्हणाले. मग म्हाताऱ्यानं सांगितलं की बैठकीत पुढं बसलेल्या म्होरक्याच्या घराण्याला सगळी जमात आजवर दोष देत आली. त्यानंच नीट ऐकलं नाही, त्यानंच घात केला म्हणून. त्या घरात मुलीही कोणी देत नसे. “मी शंभर वर्षं उशिरा पोचलो,” क्रॉस्बींनी लिहिलं होतं.

केशवनं पत्र दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कालिंदीला सगळं सांगितलं. पिंपळडोहच्या चहापासून लिंबाच्या सावलीपर्यंत.

तिनं गॅस बंद केला. “चौदा वर्षं शेजारी झोपले मी तुमच्या.”

“सांगायला तोंड नव्हतं.”

“मग आता मला कशाला सांगताय? मी ‘असू दे’ म्हणावं म्हणून? ते म्हणायचा हक्क माझा नाही. ज्यांचं पाणी होतं त्यांच्याकडे जा.”

शाळेतला शिपाई सांडू वैजापूरकडचाच होता. त्यानं चौकशी केली. खडकवस्तीची बरीच माणसं मुकुंदवाडीच्या पुढं रुळाच्या कडेला राहतात, म्हणाला. रविवारी सकाळी केशव तिथं गेला.

पत्र्याच्या घरासमोर चतुराबाई बसली होती. केस पांढरे, एका डोळ्यात फूल पडलेलं. टँकर यायचा होता आणि साऱ्या गल्लीत डबे-हंडे ओळीनं मांडून ठेवलेले. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

“मास्तर व्हय! बसा की. लई दिसांनी आमची आठवन?”

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. तिनं काय म्हटलं होतं आणि त्यानं साहेबांना काय सांगितलं. त्याला वाटलं होतं ती किंचाळेल, दगड उचलेल. त्याची त्यानं तयारी ठेवली होती. पण तिनं भलतंच विचारलं.

“म्हंजी सायबाला राग नव्हता आला?”

“कशाचा?”

“गोकुळ वाकडं बोलला त्याचा.”

“ते तर मी साहेबांना सांगितलंच नाही, मावशी. त्यांना माहीतच नव्हतं.”

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर ओढून तोंडावर घेतला. शेजारून कडुबा नावाचा म्हातारा उठून आला. तोही त्याच वस्तीतला. त्यानंच मग केशवला सांगितलं. शहराकडं चालत येताना लासूरच्या अलीकडं साळूबाई रस्त्याच्या कडेला बाळंत झाली. मुलगी झाली. दोन दिवस जगली. सगळी वस्ती म्हणाली, गोकुळच्या तोंडामुळं पाणी गेलं. चतुराबाई सगळ्यांदेखत पोटच्या पोराला म्हणाली, तुज्या जिभेनं लेक खाल्ली. त्या वर्षी गोकुळ साळूबाईला घेऊन निघून गेला, तो परत आईच्या दारात आला नाही. पाचोडला असतो, बाजारात जनावरांचे कासरे, दावी विकतो.

पत्रातला म्होरक्या केशवच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. एवढी वर्षं त्यानं आपल्या पापाची मोजदाद पाण्यानं केली होती. हे माप त्याला माहीतच नव्हतं.

“मावशी…”

“मला मावशी म्हनू नगं.” पदराआडून आवाज आला. “त्याला जाऊन सांग. आजच्या आज.”

केशवनं पाचोडची बस धरली. बाजार भरात होता. धुरळ्यात, बैलांच्या गर्दीत बरीच शोधाशोध केल्यावर गोकुळ सापडला. पस्तिशीचा दिसत होता तो, पण कानशिलं पिकली होती. घायपाताचा दोर पायाच्या अंगठ्यात अडकवून पीळ देत बसला होता. साळूबाई दुसरं टोक धरून होती.

केशवनं पुन्हा सगळं सांगितलं. ऐकताना गोकुळचे हात थांबले नाहीत. साळूबाईचे थांबले. दोर सैल पडला.

“तुमाला लेकरं हायत, मास्तर?” तिनं विचारलं.

“एक मुलगी.”

“केवडी?”

“तेरा वर्षांची.”

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि केशवला मान वर करता येईना. माफ करा, हे दोन शब्द त्यानं बसमध्ये घोकले होते. ते त्याला तिथं फार हलके वाटले, आणि तो बोलला नाही.

गोकुळनं दोराची गुंडाळी केली. “हे आईपुडं म्हना.”

“त्यांना सांगितलंय मी.”

“माज्यादेखत म्हना. तवा साऱ्या वस्तीदेखत झालं व्हतं. आता बी तसंच होऊ द्या.”

चारच्या बसनं तिघं निघाले. गोकुळ-साळूबाई पुढच्या बाकावर, केशव मागं उभा. जागा रिकामी होती, पण त्यांच्या मागं बसायचं त्याच्यानं झालं नाही.

रुळाकडेला गोकुळ आलेला दिसताच कडुबानं माणसं गोळा केली. पंचवीस-तीस जण असतील. काही केशवला अंधूक आठवत होते. काही पोरं तर इथंच जन्मलेली. चतुराबाई उभी होती.

“मी काय म्हनले व्हते सायबाला?” तिनं विचारलं. “सांग.”

केशवनं सांगितलं. आमी कुटं जानार, माजा सासरा इथं पुरलाय, माजं पयलं लेकरू इथं पुरलंय, मरू पन हलनार नाय. एक शब्द चुकला नाही. चौदा वर्षांत तो कधी चुकला नव्हता.

“आन्‌ तू काय सांगितलंस?”

त्यानं तेही सांगितलं.

“का?”

“माझी नोकरी कायम व्हायची होती.”

मागं कोणीतरी थुंकलं. एका तरुणानं पुढं पाऊल टाकलं, पण कडुबानं त्याला हातानं अडवलं. चतुराबाई केशवकडे बघतही नव्हती. ती गोकुळपाशी गेली. त्याच्या तोंडावरून, हनुवटीवरून तिनं हात फिरवला, आंधळ्या माणसानं चाचपावं तसा. “माजं चुकलं रं,” ती म्हणाली, “लई चुकलं.” गोकुळ आधी ताठ उभा होता. मग त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. ती त्याला हाताला धरून आत घेऊन गेली.

साळूबाई आत गेली नाही. सासूचं ते बोलणं एकट्या गोकुळनं थोडंच ऐकलं होतं? ती बाहेरच दगडावर बसून राहिली.

एवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि सगळी गल्ली धावत सुटली. कोण केशवला धक्का देऊन गेलं, कोण त्याच्या पायावरून डबा ओढत गेलं. चतुराबाईचा हंडा ओळीत तसाच राहिला होता. केशवनं तो उचलला आणि रांगेत उभा राहिला. त्याची पाळी यायच्या आत साळूबाई उठून आली. तिनं त्याच्या हातातून हंडा काढून घेतला आणि त्याच्या जागी उभी राहिली.

“मास्तर, तुमचं झालं ना? जावा आता,” कडुबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. आपुलकीही नव्हती.

केशव सिडकोपर्यंत चालत आला. सांगितलं की हलकं वाटेल, अशी आशा त्याला कुठंतरी होती. तसं काही झालं नाही. त्या आठवड्यात त्यानं क्रॉस्बींना सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं, पण मायन्यात नुसतं “केशव” होतं. गोकुळ आता महिन्यातून एकदा तरी आईकडे येतो, असं सांडू सांगायचा. साळूबाई मात्र फार क्वचित यायची, आणि आली तरी घरात पाणी न पिता परत जायची.